ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवायचाय? आधी हे ठरवा, मग सॉफ्टवेअर टाका

कोल्हापुरात कुणालाही विचारा, घरून ऑफिसचा कॉम्प्युटर कसा चालवायचा? उत्तर ठरलेलं: "एनीडेस्क टाक की, त्यात काय!" एनीडेस्क म्हणजे दुसरीकडच्या कॉम्प्युटरची स्क्रीन आपल्याकडे आणून तो चालवू देणारं सॉफ्टवेअर. उत्तर अगदीच चूक नाही. पण शिरोलीतल्या फौंड्रीचे हिशोब घरून बघणारी ताई, गारगोटीतल्या आबांच्या लॅपटॉपला काय झालंय ते पुण्यातून बघणारा मुलगा आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं ड्रॉइंग रात्री घरी बसून दुरुस्त करणारा डिझायनर, या तिघांना एकच औषध लागू पडत नाही.

मी हिशोबाच्या कामात आहे. शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या छोट्या कारखान्यांची टॅली, पगारपत्रकं, जीएसटीचे रिटर्न. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, या रिटर्नांच्या शेवटच्या तारखा, त्या दिवसांत माझा अर्धा वेळ दुसऱ्याच्याच स्क्रीनवर जातो. २०१९च्या ऑगस्टात आणि २०२१च्या जुलैत पंचगंगेचं पाणी पसरून शिरोलीजवळ हायवे बंद झाला, मधे लॉकडाउन येऊन गेला, तेव्हा इथल्या पुष्कळ ऑफिसांनी घाईगडबडीत जे हाताला लागलं ते टाकलं. बऱ्याच ठिकाणी अजून तेच चालू आहे, तोच पासवर्ड, तेच जुनं व्हर्जन. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं तरी हे नीट करावं म्हणून लिहितोय.

१. पलीकडे माणूस असणार की नाही?

सगळ्यात आधी हा प्रश्न. सॉफ्टवेअरचं नाव नंतर.

पलीकडे माणूस बसलेला असेल, तो तुम्हाला सॉफ्टवेअरमधला आयडीचा आकडा वाचून दाखवणार असेल आणि "अ‍ॅक्सेप्ट" दाबणार असेल, तर ती झाली मदत. काम झालं की संबंध संपला. अशा वेळी कायमचं काही टाकून ठेवायची गरजच नसते.

पलीकडे कुणी नसेल, म्हणजे ऑफिसला कुलूप आहे आणि रात्री दहा वाजता तुम्हाला त्या मशीनवरची टॅली उघडायची आहे, तर तो कायमचा रस्ता झाला. रस्ता कायमचा, म्हणजे धोकाही कायमचा. तुम्ही ज्या दारानं आत जाता त्याच दारानं दुसराही येऊ शकतो. त्यामुळे इथे पासवर्ड, टू-फॅक्टर (पासवर्डसोबत मागितला जाणारा दुसरा कोड), कुणाला परवानगी, सगळं बघावं लागतं.

आमच्याकडे होतं काय, की मदतीसाठी टाकलेलं सॉफ्टवेअर काम झाल्यावर तसंच राहतं. प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या पोरानं टाकलेलं असतं, पासवर्ड त्यानंच ठेवलेला असतो, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. तुमच्या मशीनवर आत्ता असं काही आहे का, ते आधी बघा. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी उघडली की दिसेल.

२. कागद घ्या आणि एवढं लिहून काढा

हे केल्याशिवाय पुढे गेलात तर अर्ध्यात अडकाल.

– दोन्ही मशीनवर विंडोज कुठलं आहे आणि ते होम आहे की प्रो. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे दिसतं. दुकानातून घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपवर होम असतं.
– विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. अशा मशीनला बाहेरून रस्ता उघडण्याआधी ते अपग्रेड होतंय का ते पाहा.
– अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे. (याचं उत्तर शोधण्यातच निम्मा दिवस जातो.)
– ऑफिसच्या नेटचा अपलोड स्पीड. डाउनलोड नव्हे. चित्र ऑफिसातून तुमच्याकडे येणार आहे, म्हणजे ऑफिसला ते अपलोड करावं लागणार. घरी कितीही भारी फायबर असला आणि तिकडे मोबाइलच्या डोंगलवर चाललं असलं, तर माउस अडखळतच चालणार.
– त्या मशीनवर नेमकं काय करायचंय: टॅली, कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर), मराठी टायपिंग, डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं असतं ते), प्रिंट काढणं.
– काम घरगुती की धंद्याचं. याच्यावर पुढे पैशाचं गणित आहे.
– ऑफिस दुसऱ्याचं असेल तर मालकाची परवानगी, लेखी. साधा ईमेल पुरतो. तोंडी "चालतंय की" म्हणालेले मालक गडबड झाली की विसरतात.

३. कुठलं सॉफ्टवेअर कशाला

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्याकडच्या बऱ्याच नेट कनेक्शनला स्वतःचा असा सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर ओळखायचा नंबर) मिळत नाही, एकाच पत्त्यामागे कंपनी अनेक गिऱ्हाइकं बसवते. त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या मशीनपर्यंत पोचायला वाटच नसते. आयडी आणि पासवर्डवर चालणारी सॉफ्टवेअरं यावर अशी तोड काढतात: दोन्ही मशीन स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जाऊन भेटतात आणि तो सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो. म्हणून राऊटरला हात न लावता ती चालतात. आणि म्हणूनच त्या मधल्या कंपनीवर तुमचा विश्वास असावा लागतो.

क्विक असिस्ट. विंडोज १० आणि ११ सोबत मिळतं, फुकट. फक्त मदतीसाठी. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, मदत घेणाऱ्याला काहीच लागत नाही. कोड थोडी मिनिटंच चालतो. घरच्या माणसांसाठी माझी पहिली पसंती हीच, कारण नंतर मागे काही उघडं राहत नाही. पुण्यातला मुलगा आणि गारगोटीतले आबा यांचं बोलणं साधारण असं चालतं:

"आबा, कंट्रोल आणि विंडोजचं बटण दाबून ठेवा, आणि क्यू दाबा."
"विंडोजचं कुठलं रं?"
"खिडकीचं चित्र हाय ते. आता चौकोन आला का? त्यात मी सांगतो तो कोड घाला."
"घातला. आता तू दिसतोस व्हय मला?"
"मी न्हाई दिसत आबा, मला तुमची स्क्रीन दिसती. आता 'अलाव' दाबा."

इथे एक ठेच हमखास लागते. काही इन्स्टॉल करायला गेलात की विंडोज परवानगी विचारतं, त्या क्षणी तुमच्याकडची स्क्रीन काळी होते किंवा थिजते. आबांना मात्र "यस" आणि "नो" दिसत असतं. घाबरून बंद करू नका, आबांनाच "यस" दाबायला सांगा. मशीन रिस्टार्ट झालं तर मात्र पुन्हा पहिल्यापासून कोड द्यावा लागतो.

क्रोम रिमोट डेस्कटॉप. गूगलचं, फुकट, आणि धंद्याच्या कामाला अडवत नाही. कायमच्या रस्त्यालाही चालतं आणि एकवेळच्या मदतीलाही. तुमच्या गूगल खात्यावर मशीन जोडायचं, किमान ६ आकडी पिन ठेवायचा, झालं. मोबाइलवरूनही उघडतं. उणीव अशी की सोयी मोजक्याच आहेत. तिकडचा कागद इकडच्या प्रिंटरवर काढता येत नाही, तिकडे पीडीएफ करून इकडे उतरवायची. आणि सगळी भिस्त त्या गूगल खात्यावर, म्हणून त्या खात्याला टू-स्टेप लावल्याशिवाय हे वापरूच नका. ऑफिसच्या मशीनवर स्वतःचं खासगी जीमेल जोडू नका हेही आलंच. एकट्या माणसाचं साधं ऑफिसकाम असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर. दोन्ही जर्मनीतली. टीमव्ह्यूअर २००५पासूनचं, एनीडेस्क २०१४चं. चालतात झकास. फाइल पाठवणं, तिकडची स्क्रीन काळी करून काम करणं, रिस्टार्टनंतर पुन्हा जोडणं, सगळं आहे. अडचण एकच आणि ती लोक शेवटपर्यंत मनावर घेत नाहीत: फुकट म्हणजे घरगुती वापरासाठी फुकट. फौंड्रीची टॅली घरगुती नाही. ओळीनं दहा-बारा पार्ट्यांची मशीनं उघडायला लागलात की सॉफ्टवेअरला धंद्याचा संशय येतो, मग मधेच कनेक्शन तुटतं आणि थोडा वेळ पुन्हा जोडू देत नाही. हे नेमकं २० तारखेला संध्याकाळी होतं. ज्याचा धंदा यावर चालतो त्यानं सरळ वर्षाची वर्गणी भरावी. आयडी बदलायच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. त्यातल्या "क्रॅक" फाइलसोबत काय येतं ते तुम्हाला कळणारही नाही.

एनीडेस्कबद्दल आणखी एक. फेब्रुवारी २०२४मध्ये कंपनीनं स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती. त्यानंतर त्यांनी सॉफ्टवेअरवरची सहीची सर्टिफिकेटं (फाइल खरीच कंपनीची आहे हे सांगणारी) बदलली. म्हणजे कॉम्प्युटरवाल्याच्या पेन ड्राइव्हमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेली जुनी फाइल टाकून घेऊ नका. ताजी उतरवा.

अल्ट्राव्ह्यूअर. व्हिएतनाममध्ये बनलेलं. आपल्याकडचे दुरुस्तीवाले सर्रास हे सांगतात, कारण हलकं आहे आणि जुन्या मशीनवर पळतं. मदतीपुरतं ठीक. कायमच्या रस्त्यासाठी मी ते घेत नाही.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी. काम करायला सगळ्यात सुखाचं. कमी नेटवरही अक्षर स्वच्छ दिसतं, तिकडच्या टॅलीतून इकडच्या प्रिंटरवर बिल निघतं. पण ज्या मशीनमध्ये शिरायचंय त्यावर विंडोज प्रो लागतं, होममध्ये ही सोय नाही. तुमच्याकडच्या मशीनवर होम असलं तरी चालतं. तुम्ही आत शिरलात की तिथल्या माणसाची स्क्रीन लॉक होते, एका वेळी एकच. "एक छोटा पॅच टाकतो, चार जण एकदम चालवाल" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तो लायसन्सचा भंग आहे, आणि विंडोजचं एखादं अपडेट आलं की बंद पडतो तो वेगळाच.

आरडीपीतला खरा सापळा पुढे आहे. राऊटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून मशीन थेट इंटरनेटवर ठेवणं. कित्येक ऑफिसांत नेटवर्कवाले हे पाच मिनिटांत करून देतात. पोर्ट उघडलं की जगभरातून पासवर्डचे अंदाज मारणारे प्रोग्रॅम दार ठोठवायला लागतात. रॅन्समवेअर टाकणाऱ्यांचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा, हा आवडता रस्ता. २०१९च्या मे महिन्यात आरडीपीत ब्लूकीप नावाची चूक सापडली, तिच्यात तर जुन्या विंडोजवर पासवर्डही न लागता आत शिरता येत होतं. पोर्टचा नंबर बदलून भागत नाही, ते प्रोग्रॅम सगळेच नंबर तपासतात. आरडीपी वापरायचंच असेल तर मधे व्हीपीएन घ्या, म्हणजे फक्त तुमच्याच मशीनांपुरता खासगी रस्ता. टेलस्केल नावाचं त्यातल्या त्यात सोपं आहे: दोन्ही मशीनवर टाकायचं, एकाच खात्यानं लॉगिन करायचं, आणि त्यानं दिलेल्या पत्त्यावर आरडीपी जोडायचं. राऊटरमध्ये काही उघडावं लागत नाही. सार्वजनिक आयपी नसला तरी चालतं.

रस्टडेस्क. ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड कुणालाही बघता येणारं. मधला सर्व्हर स्वतःचा ठेवता येतो, म्हणजे दुसऱ्या कंपनीवर भिस्त नाही. ऑफिसात नेटवर्कचं कळणारा माणूस असेल तर उत्तम, नसेल तर सर्व्हर कधी बंद पडला तेही कळणार नाही.

कॅडवाल्यांसाठी दोन ओळी. मॉडेल फिरवताना स्क्रीन भराभर बदलते, तिथे साध्या सॉफ्टवेअरची दमछाक होते. पार्सेक मूळचं गेमिंगसाठीचं आहे, ते अशा कामात बरं पडतं. पण ऑफिसच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड आणि दोन्हीकडे चांगलं नेट नसेल तर रात्री फाइलच घरी घेऊन जा.

४. उतरवताना

शोधून पहिल्या लिंकवर क्लिक करू नका. वर जाहिराती असतात, आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटही तिथे पैसे देऊन बसतात. कंपनीचा पत्ता वरच्या पट्टीत स्वतः टाइप करा. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त आहे का ते बघा. मॅकवर टाकताना स्क्रीन रेकॉर्डिंग आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या दोन परवानग्या द्याव्या लागतात, नाहीतर तिकडचा वॉलपेपर दिसतो आणि क्लिक काही होत नाही.

५. दाराला कुलूप

कायमचा रस्ता ठेवणाऱ्यांनीच हे वाचायचं.

पासवर्ड वेगळा. विंडोजचा नाही, ईमेलचा नाही, आणि दुकानाचं नाव पुढे १२३ हा तर नाहीच. सॉफ्टवेअरमध्ये टू-फॅक्टर असेल तर लावा. एनीडेस्कसारख्यात ठरावीक आयडींनाच आत येऊ देण्याची यादी करता येते, ती करा. मग पासवर्ड फुटला तरी परका आयडी बाहेरच राहतो. बाहेरच्या माणसाला मदतीसाठी आत घेताना फाइल पाठवणं आणि क्लिपबोर्ड (कॉपी-पेस्ट) बंद ठेवा. काम संपल्यावर मशीन आपोआप लॉक होईल असं सेटिंग ठेवा.

रात्री तुम्ही घरून काम करताय आणि ऑफिसच्या मॉनिटरवर पगारपत्रक सगळ्यांना दिसतंय, असं व्हायला नको असेल तर तिकडची स्क्रीन काळी ठेवणारा प्रायव्हसी मोड शोधा. ते नसेल तर निघताना मॉनिटरचं बटण बंद करून या.

६. तिकडचं मशीन जागं राहिलं पाहिजे

"रिमोट लागत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा सॉफ्टवेअर नसतंच. मशीन झोपलेलं असतं.

पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा. स्क्रीन बंद झाली तरी चालेल. लॅपटॉप असेल तर झाकण बंद केल्यावर काय करायचं, तिथे "डू नथिंग" निवडा. लाईट जाऊन आली की मशीन आपसूक सुरू व्हावं यासाठी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) एक सेटिंग असतं, "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा तशाच नावाचं, ते "पॉवर ऑन" करा. आणि राऊटरही यूपीएसवर घ्या. मशीन यूपीएसवर आणि राऊटर साध्या प्लगवर, हे चित्र मी फार ठिकाणी पाहिलंय. लाईट गेली की मशीन चालू, नेट बंद.

मॉनिटरच न जोडलेलं मशीन असेल तर रिमोटवर स्क्रीन चिमुकली येते किंवा काळी दिसते. एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, तो खोचला की मशीनला मॉनिटर असल्यासारखं वाटतं.

सफाईला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवा की हे बटण बंद करायचं नाही. बटणावर चिठ्ठी चिकटवलेली बरी.

आता पावसाळ्याचं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आपल्याला पाठ असतं. पण महापुरात भागाची लाईटच तोडतात, तेव्हा रिमोटचा काही उपयोग नसतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या किंवा व्हीनस कॉर्नरजवळच्या सखल भागात ऑफिस असेल तर सीपीयू टेबलाखालून उचलून वरच्या मजल्यावर न्या. डेटाचा बॅकअप घरी ठेवा आणि गरज पडली तर टॅली लॅपटॉपवर चालवायची तयारी जूनच्या आधी करून ठेवा.

७. टोकन, टॅली, मराठी: इथे सगळे अडकतात

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आधी घेतो, कारण याच्यावर सगळ्यात जास्त फोन येतात. ऑफिसच्या मशीनला टोकन लावलंय, तुम्ही घरून आरडीपीनं आत शिरलात, पोर्टल उघडलं, आणि सही करताना टोकनच दिसत नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, तरी नाही. मशीन बिघडलेलं नाही. आरडीपी मुद्दामच तिकडचं टोकन लपवतं आणि तुमच्या हाताखालच्या मशीनचं टोकन तिकडे दाखवतं. म्हणजे टोकन घरच्या लॅपटॉपला लावलंत तर चालण्याची शक्यता आहे. टोकन ऑफिसातच ठेवायचं असेल तर आरडीपी सोडा, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्या. ते तिथल्या माणसाला जे दिसतं तेच दाखवतात, म्हणून टोकनही दिसतं.

पण ते दिसतंय म्हणून कायमचं लावून ठेवायचं का? प्रायव्हेट लिमिटेडचं जीएसटी रिटर्न पूर्वी डिजिटल सहीशिवाय जात नव्हतं (आता ओटीपीवरही जातं), त्या सवयीनं बऱ्याच ठिकाणी संचालकाचं टोकन मशीनला आणि पिन मॉनिटरला चिकटवलेला, असा प्रकार असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४२ प्रमाणे त्या सहीची किल्ली सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्या नावानं ती आहे त्याचीच. रिमोट उघडा आणि टोकन लावलेलं, हा योग टाळा. सही करायच्या दिवशी साहेबांना फोन करा, ते टोकन लावतील, पिन स्वतः टाकतील, तुम्ही पुढचं बघा.

टॅली. ऑफिसच्या मशीनवर एनीडेस्क किंवा क्रोमसारख्या रिमोटनं जाऊन टॅली चालवता तेव्हा टॅली तिथेच चालते, म्हणून वेगळं लायसन्स लागत नाही. मात्र तिथला माणूसही त्याच वेळी माउस हलवत असेल तर दोघांची ओढाताण होते, वेळ वाटून घ्या. टॅलीचं काम कीबोर्डवर चालतं, म्हणून रिमोट नेहमी फुल स्क्रीन करा. छोट्या खिडकीत ठेवलंत तर ऑल्ट-टॅबसारखी बटणं तुमच्याच मशीनला लागतात आणि तुम्हाला वाटतं टॅली अडकली. काही जण रिमोटचा कंटाळा करून टॅलीचा डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हवर टाकतात आणि दोन ठिकाणाहून उघडतात. डेटा खराब होण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

मराठी टायपिंग. तुमच्या मशीनवर भाषा इंग्रजीच ठेवा आणि तिकडच्या टास्कबारवर माउसनं क्लिक करून तिथली मराठी निवडा. दोन्हीकडे मराठी चालू ठेवली की कधी कधी भलतीच अक्षरं उमटतात. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तिकडून कॉपी करून इकडे चिकटवलात तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा मिळेल. त्याची पीडीएफच करून आणा.

८. ऑफिसमधून उठण्याआधी

घरी जाऊन पहिल्यांदा बघू, असं करू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दुसऱ्या लॅपटॉपवरून तिथेच बसून जोडून बघा. ऑफिसच्याच वायफायवरून तपासलंत तर काहीच कळत नाही, एकाच नेटवर असल्यामुळे ते लागतंच. मग मशीन रिस्टार्ट करा आणि विंडोजचा पासवर्ड न टाकता पुन्हा जोडा. लॉगिनची स्क्रीन रिमोटवर दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सॉफ्टवेअर नुसतं चालवलंय, इन्स्टॉल केलेलं नाही. एक प्रिंट, एक फाइल, टोकन असेल तर एक सही, एवढं तपासून मगच उठा.

९. फोनवरून कुणी "अ‍ॅप टाका" म्हणालं तर

"तुमचं बिल भरलेलं नाही, रात्री साडेनऊला लाईट तोडणार, या नंबरवर बोला." असा मेसेज येतो. फोन केला की पलीकडचा आपण वीज कंपनीचा अधिकारी असल्याचं सांगतो, एक अ‍ॅप टाकायला लावतो, आकडा विचारतो, आणि दहा रुपये भरून बघा म्हणतो. ते अ‍ॅप म्हणजे हेच, आपण वर बघितलेल्यांपैकी एखादं. तुम्ही पिन टाकताना तो बघत असतो. फेब्रुवारी २०१९मध्येच रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कच्या नावानं असा इशारा दिला होता. सॉफ्टवेअरचा त्यात दोष नाही, आत कुणाला घेतलं हा प्रश्न आहे.

घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगा: बँक, वीज कंपनी, केवायसी, कुरिअर, यांतलं कुणीही स्क्रीन मागत नाही. फोन ज्यानं स्वतःहून केला त्याला आकडा सांगायचा नाही. मोबाइलवर तर त्याची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं रिमोटचं अ‍ॅप मदतीसाठीसुद्धा ठेवू नका, ओटीपी तिथेच येतात.

फसवणूक झालीच तर आधी नेट बंद करा, वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही. मग दुसऱ्या फोनवरून १९३० ला लावा आणि बँकेला कळवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही करता येते. तासाभरात कळवलं तर पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता असते, म्हणून आधी घरात चर्चा आणि मग फोन असं करू नका. पासवर्ड बदलायचे ते स्वच्छ मशीनवरून.

१०. माणूस सोडून गेला, मशीन विकलं

अकाउंटंटनं नोकरी सोडली की त्या दिवशीच रिमोटचा पासवर्ड बदला आणि परवानगीच्या यादीतून त्याचा आयडी काढा. क्रोम रिमोट डेस्कटॉप असेल तर मशीन कुणाच्या गूगल खात्याला जोडलंय ते बघा. त्याच्या खात्याला जोडलेलं असेल तर पिन बदलून पुरत नाही, मशीन त्यातून काढून ऑफिसच्या खात्याला नव्यानं जोडावं लागतं. टेलस्केलमध्येही त्याचा लॅपटॉप यादीतून काढा.

जुनं मशीन विकताना किंवा गावाकडे पुतण्याला देताना ते तसंच देऊन टाकू नका. आधी सॉफ्टवेअरच्या खात्यातून ते मशीन डिलीट करा, मग विंडोज रीसेट करा, "रिमूव्ह एव्हरीथिंग" निवडून. नाहीतर तुमच्या यादीत ते मशीन दिसत राहतं, आणि एखाद्या दिवशी चुकून क्लिक झालं की पुतण्याचा अभ्यास चाललेला दिसतो.